जुन्या भोंग्याच्या अँपवरून गिटार अँप: व्हॉल्व्ह बदलण्याआधी सर्किट वाचा

सातरस्ता

लाऊडस्पीकर भाड्याने देणारी सोलापुरातली जुनी दुकानं एकेक करून बंद होतायत आणि त्यांच्या माळ्यावरचे व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्यांचे अँप भंगारात चाललेत. ट्रान्सफॉर्मरमधल्या तांब्याचा भाव मिळतो, बाकीचं पत्रा म्हणून जातं. मला ते बघवत नाही. लग्नाच्या मांडवात, गणपतीत, गड्ड्याच्या यात्रेत हे अँप रात्र रात्र चालले आहेत. त्यांच्या पोटातलं सर्किट १९५० च्या दशकातल्या नामांकित गिटार अँपच्या अगदी जवळचं आहे.

दुसरीकडे गिटार वाजवणारी मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला: जुने मुलार्ड ब्रँडचे व्हॉल्व्ह कुठे मिळतील? टोन हवा असतो आणि टोन काचेच्या नळीत असतो अशी समजूत झालेली असते. या धाग्यात मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. व्हॉल्व्हची खरेदी सगळ्यात शेवटी करा. आधी सर्किट कागदावर काढा, व्होल्टेज मोजा, कंडेन्सर तपासा.

सध्या टेबलावर आहे तो नावाची पट्टी गळून गेलेला, साधारण १५ वॅटचा पब्लिक अ‍ॅड्रेसचा अँप. त्यात दोन ईसीसी८३, दोन ईएल८४ आणि रेक्टिफायरला, म्हणजे एसीचं डीसी करायला, ईझेड८१ हे व्हॉल्व्ह. मागे ४, ८, १६ ओहम आणि १०० व्होल्ट लाइनचे स्क्रू. आता व्हॉक्स एसी१५ हा नामांकित गिटार अँप आठवा. डिक डेनीने जेनिंग्जच्या कंपनीसाठी १९५८ च्या सुमारास तो केला, आणि त्यातही शेवटी ईएल८४ ची जोडी आणि ईझेड८१ च आहे. व्हॉल्व्हमध्ये कॅथोडमधून निघालेले इलेक्ट्रॉन प्लेटकडे जातात, मधला ग्रिड त्यांना आवरतो, आणि ग्रिड कॅथोडपेक्षा किती व्होल्ट खाली आहे तो बायस. इथे दोन्ही ईएल८४ ना मिळून एक कॅथोड रेझिस्टन्स, वेगळा बायस सप्लाय नाही. माझ्या टेबलावरच्या अँपमध्येही तसंच आहे. फरक आहे तो पुढच्या टप्प्यात, फीडबॅकमध्ये (आउटपुटचा थोडा भाग मागे फिरवणं) आणि स्पीकरमध्ये.

युरोपियन नंबर वाचता आले की निम्मं काम सोपं होतं. पहिलं अक्षर हीटरचं, म्हणजे कॅथोड तापवणाऱ्या तारेचं: ई म्हणजे ६.३ व्होल्ट, जी म्हणजे ५ व्होल्ट. मग सी म्हणजे ट्रायोड, एल म्हणजे पॉवर पेंटोड, झेड म्हणजे फुल वेव्ह रेक्टिफायर. आकडा ८ ने सुरू झाला तर नऊ पिनांचा काचेचा बेस, ३ ने सुरू झाला तर आठ पिनांचा ऑक्टल. म्हणजे ईसीसी८३ मध्ये दोन ट्रायोड आहेत हे नावातच लिहिलंय. अमेरिकेत त्यालाच १२एएक्स७ म्हणतात, आणि ईएल८४ ला ६बीक्यू५. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६० च्या दशकात रिसीव्हिंग व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या अँपमध्ये हे नंबर बीईएलच्या छापासहित सापडतात. ते फेकू नका. चांगले व्हॉल्व्ह आहेत.

आता काम. हा अँप किती वर्षं बंद होता हे सांगणारं कोणी नाही, म्हणून थेट प्लगात घातला नाही. आधी सगळे व्हॉल्व्ह काढले आणि सिरीज बोर्डावर १०० वॅटच्या बल्बमधून लावला. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला, म्हणजे मेन ट्रान्सफॉर्मर शॉर्ट नाही. मग हीटर मोजला: ६.९ व्होल्ट. हे जास्त आहे. ६.३ च्या वरखाली दहा टक्के चालतं, म्हणजे ६.९ हा शेवटचा काठ. लोडशिवायचं माप थोडं चढं येणारच, पण आमच्या भागात रात्री यंत्रमाग बंद झाले की लाइन २४५ व्होल्टच्या पुढे जाते आणि ट्रान्सफॉर्मरचा टॅप (किती व्होल्टच्या लाइनला जोडायचं ते ठरवणारा स्क्रू) २२० वर होता. टॅप २४० वर आणला, हीटर ६.३ च्या आसपास बसला. एवढ्या एका स्क्रूने व्हॉल्व्हचं आयुष्य वाढतं. शिवाय एचटीसुद्धा, म्हणजे प्लेटला जाणारं चढं डीसी व्होल्टेज, त्याच प्रमाणात खाली येतं.

फिल्टरचा ३२ अधिक ३२ मायक्रोफॅरॅडचा डबा वरून फुगला होता. तो बदलला. इथे एक सावधगिरी आहे. गुणगुण कमी व्हावी म्हणून १०० किंवा २२० मायक्रोफॅरॅड घालायचा मोह होतो. ईझेड८१ ला पहिला कंडेन्सर ५० पर्यंतच चालतो, त्याच्या वर सुरू होताना एवढा करंट ओढला जातो की आत ठिणगी पडते. ५वाय३ या रेक्टिफायरला तर २० च्या आसपासच थांबायचं. जीझेड३४ साठ सोसतो.

मग व्हॉल्व्ह बसवले, लोडला ८ ओहमचा स्पीकर जोडला आणि खोलीतला दिवा घालवला. मिनिटभरात डावीकडच्या ईएल८४ च्या प्लेटवर, शिवणीच्या कडेला, नखाएवढा लालसर ठिपका उमटला आणि वर सरकत पसरायला लागला. उजवीकडचा व्हॉल्व्ह काळाच्या काळा. लगेच बंद केलं.

बहुतेक जण इथे म्हणतील, व्हॉल्व्ह गेला, नवी जोडी आणा. मी तो व्हॉल्व्ह काढला, अँप पुन्हा चालू केला आणि रिकाम्या सॉकेटच्या पिन २ वर मीटर लावला. पिन २ म्हणजे ग्रिड. कॅथोड बायसच्या अँपमध्ये तिथे शून्य यायला हवं. आले ७ व्होल्ट, पॉझिटिव्ह. व्हॉल्व्ह बाहेर असताना व्होल्टेज येतंय म्हणजे दोष व्हॉल्व्हचा नाही. मागच्या ट्रायोडच्या प्लेटवरून सिग्नल आणणारा मेणाचा पेपर कंडेन्सर गळतोय आणि प्लेटवरचं डीसी ग्रिडवर झिरपतंय. कॅथोडवर ११ व्होल्ट, ग्रिडवर ७, म्हणजे खरा बायस ४ च उरला. व्हॉल्व्ह वाट्टेल तेवढा करंट ओढणारच. दोघांचा कॅथोड रेझिस्टन्स एकच असल्याने या एकाने कॅथोड वर उचलला की दुसरा आपोआप दबतो, म्हणून तो थंड. त्या जागी कितीही महागाची जोडी घातली असती तरी डावीकडचा व्हॉल्व्ह तसाच लाल झाला असता.

उलटंही होतं. व्हॉल्व्ह काढल्यावर ग्रिड शून्य आणि घातल्यावर पॉझिटिव्ह, असं दिसलं तर मात्र व्हॉल्व्हमध्ये गॅस आहे किंवा ग्रिड खराब झालाय. तेव्हा बदला.

चारही पेपर कंडेन्सर काढून ०.०२२ मायक्रोफॅरॅड, ६३० व्होल्टचे पॉलिप्रॉपिलीन घातले. आधी ०.१ चे होते. माणसाच्या आवाजाला ते ठीक होते, पण गिटारचा खर्ज त्यातून एवढा जातो की आवाज फाटायला लागला की चिखल होतो.

इनपुट पूर्ण नवं केलं. गिटारच्या पिकअपमध्ये (तारांखालचं चुंबक आणि वेटोळं) हजारो वेढे असतात, वरच्या स्वरांना त्याचा इम्पीडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा अडथळा, चढत जातो. ग्रामोफोनसाठीच्या कमी इम्पीडन्सच्या इनपुटला लावलं की वरची धार मरते. म्हणून जॅकवर १ मेगओहम जमिनीला, ६८ किलोओहम सिरीजमध्ये ग्रिडला, प्लेटला १०० के, कॅथोडला १.५ के आणि त्यावर २५ मायक्रोफॅरॅड. हे आकडे माझे नाहीत. फेंडर या अमेरिकन कंपनीच्या चॅम्प ५एफ१ या अँपमध्ये रेझिस्टन्सचे आकडे हेच आहेत, आणि बहुतेक सगळ्या जुन्या गिटार अँपचा पहिला टप्पा याच्याच आसपास फिरतो. लिओ फेंडर मुळात कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याच्या सुरुवातीच्या सर्किटांचा पाया व्हॉल्व्ह कंपन्यांनी छापलेल्या नमुना सर्किटांतच आहे. आपल्याकडच्या भोंग्याच्या अँपचं मूळही तिथेच, म्हणून इतकं जुळतं.

शेवटी फीडबॅक. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवरून (स्पीकरकडचं वायंडिंग) ड्रायव्हरच्या, म्हणजे पॉवर व्हॉल्व्हच्या आधीच्या टप्प्याच्या, कॅथोडला एक रेझिस्टन्स परत येतो. त्याने आवाज स्वच्छ राहतो, पण मर्यादा आली की एकदम कापला जातो. एसी१५ मध्ये हा फीडबॅक नाही. मी तो सोडवून स्विचवर घेतला. स्विच उघडा, म्हणजे फीडबॅक तोडलेला, ठेवला की अँप हळूहळू, बोटांच्या जोरावर फाटतो. हळू छेडलं तर स्वच्छ, जोरात मारलं तर खरखरीत. लोक जुन्या व्हॉल्व्हमध्ये जे शोधत असतात ते बरंचसं इथे आहे.

ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी: एचटी ३०० व्होल्टच्या वर असतं आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये राहतं. ५ वॅटचा १० के रेझिस्टन्स मगरचिमट्यांनी लावून आधी उतरवा, मीटरने शून्य बघा, मगच हात घाला. एक हात पाठीमागे ठेवा.

सहावीतार

लई भारी लिहिलंय. पण एक पटलं नाही. मी पुण्यात एका मित्राच्या अँपमध्ये पहिल्या जागेचा १२एएक्स७ काढून जुना मुलार्ड घातलेला ऐकलाय. फरक स्पष्ट होता, सगळ्यांनी ऐकला. मग व्हॉल्व्हने काही होत नाही असं कसं म्हणायचं?

सातरस्ता

होत नाही असं म्हणत नाही, क्रम सांगतोय. पहिल्या जागेचा व्हॉल्व्ह महत्त्वाचा आहेच, कारण त्याचा आवाज पुढचे सगळे टप्पे मोठा करतात. त्याची कुरकुर, त्याचं कंपनाने वाजणं, सगळं. चालू अँपमध्ये लाकडी काडीने हळूच टिचकी मारून बघा, स्पीकरमधून घंटेसारखं ऐकू आलं तर तो व्हॉल्व्ह पहिल्या जागेवरून हलवा.

शिवाय दोन व्हॉल्व्हमध्ये फरक ऐकू आला की आधी विचारा, गेन (सिग्नल किती पटीने मोठा होतो ते) सारखा होता का? १२एएक्स७ चा अ‍ॅम्प्लिफिकेशन फॅक्टर १००, १२एवाय७ चा साधारण ४४. दोन्ही एकाच सॉकेटात बसतात. फेंडरच्या बासमन ५एफ६-ए मध्ये पहिल्या जागी १२एवाय७ होता. मार्शलने १९६२ मध्ये लंडनला त्याच सर्किटावरून जेटीएम४५ केला आणि तिथे ईसीसी८३ घातला. तेवढ्यानेच अँप लवकर फाटायला लागला. पण तेवढंच बदललं नव्हतं: ट्रान्सफॉर्मर इंग्लंडचे, पॉवर व्हॉल्व्ह पुढे केटी६६, दहा इंची चार स्पीकरच्या उघड्या पेटीच्या जागी बारा इंची चार स्पीकरची बंद पेटी. कागदावर सर्किट जवळजवळ तेच आणि आवाज ओळखू येईल इतका वेगळा. त्यातला व्हॉल्व्हच्या ब्रँडचा वाटा सांगा बघू किती.

दमलेला व्हॉल्व्ह काढून दमदार घातला तर फरक पडणारच. तो नव्या जेजे ब्रँडच्या व्हॉल्व्हनेही पडतो.

विजापूरवेस

दादा, आमच्या आजोबांचा एक जुना रेडिओ आहे, लाकडी पेटीचा, अजून वाजतो. आत यूसीएच८१, यूएफ८९, यूबीसी८१, यूएल८४, यूवाय८५ आहेत. मागे पिकअप लिहिलेली दोन भोकं आहेत. त्यात गिटार लावली तर चालेल का? यूएल८४ म्हणजे ईएल८४ सारखाच ना?

सातरस्ता

लावू नका. कृपया आज रात्री प्रयोग म्हणूनसुद्धा लावू नका.

ई ऐवजी यू आहे तिथेच सगळा फरक आहे. यू म्हणजे १०० मिलिअँपचा सिरीज हीटर. तुमच्या पाचही व्हॉल्व्हचे हीटर एका माळेत आहेत: १९, १२.६, १४, ४५ आणि ३८ व्होल्ट. बेरीज साधारण १२९, उरलेलं एका ड्रॉपर रेझिस्टन्समध्ये जळतं. म्हणजे या सेटमध्ये मेन ट्रान्सफॉर्मर नाही. एसी आणि डीसी दोन्हीवर चालावा म्हणून असं करत. त्याचा परिणाम असा की चेसिस थेट मेन लाइनच्या एका वायरला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की चेसिसवर २३० व्होल्ट. रेडिओच्या लाकडी पेटीमुळे आणि बॅकेलाइटच्या नॉबमुळे हात लागत नाही एवढंच. गिटारच्या तारा मात्र ब्रिजमधून, केबलच्या जाळीतून सरळ चेसिसला जातात. तुमची बोटं त्या तारांवर असणार.

पिकअपची भोकं कधी कंडेन्सरमधून वेगळी केलेली असतात, पण त्या जुन्या कंडेन्सरच्या भरवशावर जीव टांगू नये.

आजोबांचा रेडिओ रेडिओ म्हणूनच ठेवा. सुंदर सेट आहे.

रेडिओकाका

सातरस्तांनी बरोबर सांगितलं. त्या सेटची चेसिस उघडताना आम्ही दुकानात आधी टेस्टर लावायचो, मग स्क्रू ड्रायव्हर. मंगळवार पेठेत माझं दुकान होतं. रेडिओ, अँप, मग टेपरेकॉर्डर. गड्ड्याला होम मैदानावर लाऊडस्पीकर लावलेत.

दोन गोष्टी माझ्याकडून.

एक, निळा प्रकाश. मुलं फोटो पाठवतात, काका, व्हॉल्व्ह निळा दिसतोय, गेला का? काचेच्या आतल्या बाजूला चिकटल्यासारखा गडद निळा असेल आणि आवाजाबरोबर हलत असेल तर तो चांगला व्हॉल्व्ह आहे. इलेक्ट्रॉन काचेवर आदळतात, त्याने होतं. प्लेटच्या आत, मधल्या जागेत जांभळट धुकं असेल तर हवा शिरली. वरचा चंदेरी डाग पांढरा पडला तर विषयच संपला.

दुसरी गोष्ट फीडबॅकची. तुम्ही सोडवून टाकला ते मला पटलं नाही. फीडबॅकने आउटपुटचा इम्पीडन्स खाली येतो आणि स्पीकरच्या कोनाला लगाम राहतो. तो काढला की स्पीकर स्वतःच्या रेझोनन्सला हवा तसा हलतो. खालचे स्वर भसाडे होतात. स्वच्छ वाजवणाऱ्याला, जुनी हिंदी गाणी वाजवणाऱ्या ऑर्केस्ट्रावाल्याला ते आवडणार नाही.

सातरस्ता

काका, तुम्ही इथे आलात याचा फार आनंद झाला. तुमचं म्हणणं खरं आहे. म्हणूनच स्विच ठेवलाय, कापून टाकलेला नाही. पण स्पीकरचा तो मोकळेपणा गिटारवाल्याला हवा असतो. खालच्या रेझोनन्सला आणि वरच्या टोकाला स्पीकरचा इम्पीडन्स चढतो, फीडबॅक नसला की तिथे आवाज उठतो, आणि अँप जिवंत वाटतो. ऑर्केस्ट्रासाठी स्विचने फीडबॅक जोडलेला ठेवायचा.

रेडिओकाका

मग स्विच नको, पॉट (नॉब फिरवून कमीजास्त होणारा रेझिस्टन्स) घाला. रेझिस्टन्स आहे तो तसाच ठेवा आणि त्याच्या सिरीजला १०० के चा पॉट. ज्याला जेवढा हवा तेवढा. स्विच मारला की धाडकन आवाज वाढतो, स्टेजवर वाईट दिसतं.

आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर उलटा जोडू नका रे कोणी. प्लेटच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या की फीडबॅक पॉझिटिव्ह होतो आणि अँप शिट्टी मारतो. दोन्ही वायरी पलटवल्या की गप्प.

सातरस्ता

पॉट. मान्य. उद्याच बसवतो.

मागवाला

आमचं घर अशोक चौकाकडे, शेजारी पॉवरलूम. मी असाच एक अँप गिटारला लावलाय, पण घुंऽऽ असा आवाज येतो. माग चालू असले की जास्त. शिवाय संध्याकाळी मध्येच आकाशवाणी बारीक ऐकू येते. खरंच येते. फिल्टरचे कंडेन्सर नवीन आहेत.

सातरस्ता

आधी आवाज कुठून येतोय ते ठरवा. गिटारचा व्हॉल्यूम शून्य केला की घुं गेला तर दोष अँपचा नाही. सिंगल कॉइल पिकअप मोटरींचं चुंबकीय क्षेत्र ओढतो. बसायची दिशा बदलून बघा, एका कोनात तो खूप कमी होतो. हमबकर (दोन वेटोळ्यांचा पिकअप) असेल तर हा त्रास नसतोच म्हणा ना.

व्हॉल्यूम शून्यावरही राहिला तर नीट ऐका. १०० हर्ट्झचा जाडसर गुरगुराट फिल्टरचा असतो, कारण फुल वेव्हने ५० चे १०० होतात. ५० चा खोल गुंजारव हीटरचा किंवा अर्थच्या जोडणीचा. हीटरच्या वायरी पीळ देऊन कोपऱ्याने न्या. ट्रान्सफॉर्मरला सेंटर टॅप नसेल तर हीटरच्या दोन टोकांवरून १०० ओहमचे दोन रेझिस्टन्स अर्थला द्या. फार फरक पडतो.

आकाशवाणीचं कारण मजेशीर आहे. गिटारची केबल अँटेनाचं काम करते आणि पहिला ट्रायोड डिटेक्टर होतो. ६८ के चा ग्रिड रेझिस्टन्स घातलाय का? घातला असेल तर तो जॅकवर आहे की सॉकेटवर? तो थेट पिन २ ला चिकटून डाग द्यायचा, वायर अगदी पाव इंच. ट्रायोडची प्लेट आणि ग्रिड यांच्यात १.६ पिकोफॅरॅड असतात, पण गेन ६० च्या आसपास असल्याने ग्रिडला ते १०० पिकोफॅरॅडसारखे दिसतात. ६८ के आणि १०० पिको मिळून २३ किलोहर्ट्झच्या पुढचं कापायला लागतात. गिटारला त्याने काही होत नाही, मीडियम वेव्ह मात्र दारातच अडते.

मागवाला

रेझिस्टन्स जॅकवर होता, मध्ये सहा इंच वायर. हलवतो.

परदेशस्थ_सोलापूरकर

दिवाळीत सोलापूरला येतोय, माझा फेंडरचा जुना ट्वीड चॅम्प आणायचा आहे. ११७ व्होल्ट, ६० सायकल. स्टेपडाउन लावला की झालं का?

सातरस्ता

व्होल्टेजचं काम होईल, सायकलचं नाही. ६० हर्ट्झसाठी केलेल्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा ५० वर जास्त भरतो आणि तो अधिक तापतो. चॅम्प लहान आहे, लोड कमी आहे, पण तासाभराने ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवून बघा. हात ठेवता येईना तर बंद करा. स्टेपडाउन ११० चा मिळाला तर उत्तम, गाभ्यावरचा ताण कमी होतो.

त्याहून महत्त्वाचं: दोन पिनांची जुनी केबल असेल तर आधी तीन पिनांची करून चेसिस अर्थ करा, आणि मेनवरून चेसिसला गेलेला छोटा कंडेन्सर असला तर काढून टाका. तो शॉर्ट झाला की चेसिसवर मेन येतं. स्टेपडाउनमधून अर्थ पुढे जातोय का तेही मीटरने बघा, अनेकांमध्ये जात नाही.

सहावीतार

एक शंका. बारा इंची स्पीकर येईपर्यंत दुकानातला कर्णाच लावला तर? १६ ओहमचं युनिट आहे.

रेडिओकाका

कर्ण्याच्या युनिटला खालचे स्वर झेपत नाहीत. माणसाचं बोलणं लांब जावं म्हणून तो केलेला. गिटारची जाड तार जोरात मारलीस तर डायफ्राम जाईल. स्पीकर येईपर्यंत थांब. आणि स्पीकर न जोडता अँप चालवून बघू नकोस. लोड नसला की ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर (व्हॉल्व्हकडचं वायंडिंग) हजाराच्या वर व्होल्टेज उसळतं, आतलं वायंडिंग फुटतं किंवा सॉकेट जळतं. आउटपुट ट्रान्सफॉर्मर परत भरून घेणं आता सोपं राहिलं नाही. मागाच्या मोटरी भरणारे आहेत, पण यात प्रायमरी आणि सेकंडरीचे थर आलटून पालटून घालायला लागतात, नाहीतर वरचे स्वर मरतात. ते नीट समजावून सांगितलं तर करून देतात.

सातरस्ता

ट्रान्सफॉर्मरचं माहीत नसेल तर मोजायची सोपी रीत: सगळं बंद, व्हॉल्व्ह काढलेले, आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या वायरी सोडवलेल्या. प्लेट ते प्लेट प्रायमरीला बाहेरच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरवरून ६.३ व्होल्ट एसी द्या आणि ८ ओहमच्या टॅपवर मोजा. ०.२ व्होल्ट आले तर गुणोत्तर ३१.५, त्याचा वर्ग साधारण १०००, गुणिले ८ म्हणजे ८ के. ईएल८४ च्या जोडीला हाच आकडा हवा. उलटं करू नका. सेकंडरीला ६.३ दिले तर प्रायमरीवर २०० व्होल्ट निघतात.

मागवाला

६८ के पिनला चिकटवला, आकाशवाणी गेली. १०० ओहमचे दोन घातले, घुं बराच कमी झाला. आता माझ्या अँपचे आकडे बघा: ईएल८४ च्या पिन ७ (प्लेट) वर ३०८, पिन ९ (स्क्रीन, म्हणजे दुसरा ग्रिड) वर ३०५, पिन ३ (कॅथोड) वर १०.८. पिन २ वर शून्य, व्हॉल्व्ह घालून आणि काढून दोन्ही. कॅथोडला १३० ओहम, दोघांत एक. चालेल का?

सातरस्ता

१०.८ भागिले १३० म्हणजे ८३ मिलिअँप दोघांचे, एकाचे ४१ च्या थोडे वर. त्यातले चारेक स्क्रीनचे वजा करा, ३७ राहिले. ३०८ मधून १०.८ गेले, २९७ व्होल्ट. गुणाकार ११ वॅट. ईएल८४ ची मर्यादा १२ आहे, म्हणजे आत आहात, पण फार जागा नाही. रात्री माग बंद झाल्यावर लाइन चढली की पुन्हा मोजा. पिन ७ वर ३२० च्या पुढे गेलं तर मेनचा टॅप वर घ्या, आणि टॅप संपले असतील तर १३० च्या जागी १५० ओहम, ५ वॅटचा घाला.

रेडिओकाका

१५० च घाला, टॅप काहीही असो. उन्हाळ्यात आपल्याकडे खोलीतच ४२ अंश असतात. आणि माझ्याकडे अशा दोन चेसिस पडून आहेत, ट्रान्सफॉर्मर शाबूत. भंगारवाल्याला द्यायच्या नाहीत. ज्याला मनापासून करायचंय त्याने इथेच निरोप टाकावा.

सहावीतार

काका, एक माझी. रविवारी येऊ का?

रेडिओकाका

ये. मल्टिमीटर घेऊन ये, सकाळी. सर्किट आधी तू स्वतः कागदावर काढायचंस, मग आपण व्हॉल्व्ह बसवू.